तीन दिवस उभी राहिली की गाडी सुरूच होत नाही? दुसरी बॅटरी घ्यायच्या आधी हे करून बघा

तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. माझ्या समजुतीप्रमाणे तो असा आहे: पेट्रोल गाडी, पाच वर्षं जुनी, ४५ अँपिअर-अवरची बॅटरी, रोज चालवली तर काही त्रास नाही, पण शुक्रवारी संध्याकाळी लावलेली गाडी सोमवारी नाहीतर मंगळवारी सकाळी चावी फिरवली की नुसती टक-टक करते. सहा महिन्यांपूर्वी बॅटरी नवीन टाकली, महिन्याभरात परत तेच सुरू. एकाने अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं जनरेटर) चेक करून चार्जिंग ओके सांगितलं, दुसरा म्हणाला मोठी बॅटरी टाका, आणि आता तुम्ही तिसरी बॅटरी घ्यायच्या विचारात आहात. एवढ्यात घेऊ नका, आठवडाभर थांबा, कारण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून बॅटरी हा आजार वाटत नाही, आजाराचा मार तिच्यावर पडतोय असं वाटतं.

असं का म्हणतोय ते सांगतो. तुम्ही अगदी शेवटी सहज जाता जाता लिहिलंय की मध्ये एकदा बाहेरगावी जाताना कोणीतरी सांगितलं म्हणून निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवलं होतं आणि आठ दिवसांनी जोडल्यावर गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. अहो, निम्मं उत्तर तिथेच आहे! आम्ही हेच मुद्दाम करून बघतो. टर्मिनल काढलेलं असताना बॅटरी आठ दिवस धरून राहिली आणि जोडलेलं असताना तीन दिवसांत बसली, म्हणजे बॅटरी स्वतःहून रिकामी होत नाहीये, गाडीतलं काहीतरी तिला रिकामी करतंय. त्यामुळे आता प्रश्न बॅटरी कुठली घ्यावी हा नाहीच, गाडी बंद करून कुलूप लावल्यावर नक्की कोण करंट खातंय हा आहे.

तरी एक कबूल करतो, हे अनुमान तुमच्या त्या एका प्रसंगावर उभं आहे, म्हणून आधी ते पक्कं करून घ्या. सकाळी गाडी सुरू न होण्यामागे तीन वेगवेगळी कारणं असू शकतात आणि तिन्हींचं लक्षण तेच, टक-टक. पहिलं, बॅटरी चार्ज धरून ठेवत नाही. दुसरं, गाडी चालताना बॅटरी पूर्ण भरतच नाही, म्हणजे अल्टरनेटर कमी देतोय, बेल्ट घसरतोय, टर्मिनल किंवा अर्थिंगला गंज आहे, नाहीतर रोजचा प्रवासच पाच-दहा मिनिटांचा आणि त्यात एसी, हेडलाइट, काच गरम करायची जाळी सगळं चालू. तिसरं, उभ्या गाडीत करंट वाहतोय. ही तीन वेगळी केल्याशिवाय सामान बदलत बसलं की पैसे जातात आणि त्रास तसाच राहतो. धंद्याच्या सुरुवातीला मी स्वतः एका माणसाला लागोपाठ दोन बॅटऱ्या बदलायला लावल्या होत्या, कारण दोन्ही वेळा लोड टेस्टरवर (मोठा करंट ओढून बॅटरीची ताकद बघणारं यंत्र) बॅटरी कमजोर दाखवत होती. ती कमजोर का झाली हे मी विचारलंच नाही. शेवटी निघालं काय तर डिकी बंद केल्यावरही आतला दिवा विझत नव्हता. त्याचे ते पैसे माझ्या सांगण्यामुळे गेले ह्याचं अजूनही वाईट वाटतं, आणि तेव्हापासून उभ्या गाडीचा करंट मोजल्याशिवाय मी कोणाला बॅटरी बदला म्हणत नाही.

तर पहिली पायरी. बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण चार्ज करा. ४५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ४-५ अँपिअरने दहा-बारा तास लागतील, रात्रभर लावून ठेवा. तासभर गाडी फिरवून आणली म्हणजे बॅटरी भरली असं नसतं, ह्या लेड-ॲसिड बॅटऱ्या ऐंशी टक्क्यांपर्यंत पटकन भरतात पण शेवटचे वीस टक्के फार सावकाश घेतात, आणि अल्टरनेटर काही पूर्ण बसलेली बॅटरी भरून काढायला बनवलेला नसतो. चार्जर काढल्यावर चार-पाच तास तशीच ठेवा म्हणजे वरवरचा फुगलेला व्होल्टेज खाली येईल, मग साध्या मल्टिमीटरने मोजा. १२.६ ते १२.७ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पावभर उरलीय, आणि त्याच्या खाली गेली की सेल्फ उचलण्याची आशा सोडा. एजीएम (ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषून ठेवलेली सीलबंद) बॅटरी असेल तर भरलेली थोडी वर दिसते, १२.८ च्या आसपास. आता निगेटिव्ह काढून दोन दिवस ठेवा आणि परत मोजा. आकडा जवळजवळ तिथेच राहिला तर बॅटरी धरतेय. टर्मिनल काढलेलं असतानाही १२.३-१२.२ वर आली तर मात्र बॅटरीच आतून गेलीय, पुढचं काही करू नका. चांगली बॅटरी नुसती ठेवून दिली तर महिन्याला तीन ते पाच टक्केच कमी होते, उन्हाळ्यात जरा जास्त, दोन दिवसांत तिला काहीच फरक पडत नाही. बॅटरीच्या वरच्या बाजूला ॲसिड आणि धुळीचा ओला थर असेल तर तो आधी पुसून घ्या, त्यातूनही थोडा करंट एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर झिरपतो.

दुसरं कारणही लगेच तपासून टाका, पाच मिनिटांचं काम आहे. गाडी सुरू करून बॅटरीवर मोजा, १३.८ ते १४.५ च्या मध्ये हवं, मग हेडलाइट, ब्लोअर, एसी सगळं लावा आणि रेस थोडी वाढवून परत मोजा, १३.५ च्या खाली घसरायला नको. मात्र अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटर स्वतः चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे मध्येच १२.८ दिसलं म्हणून अल्टरनेटर खराब ठरवू नका, थोडा वेळ बघत राहा. तुमचं चार्जिंग ओके आहे असं सांगितलंय ते बरोबरच असेल, पण चार्जिंग ओके म्हणजे अल्टरनेटर निर्दोष असं नाही, ह्याच्यावर पुढे येतो.

आता मीटर लावायच्या आधी एक हिशोब करा, हा मी प्रत्येक वेळी करतो आणि त्याने शोध निम्म्यावर येतो. गाडी किती तासांत बसते त्यावरून किती करंट जात असेल ते उलटं काढायचं. ४५ ची बॅटरी भरलेली असेल तर तिच्यातले साधारण २८ अँपिअर-अवर गेले की सेल्फ मारायची ताकद उरत नाही, हा ढोबळ आकडा आहे, थंडीत याहून आधीच हात टेकते कारण थंडीत बॅटरीही मंदावते आणि इंजिन ऑइलही घट्ट होतं. शुक्रवार संध्याकाळ ते मंगळवार सकाळ म्हणजे ८४ तास. २८ भागिले ८४, आलं साधारण एक तृतीयांश अँपिअर, म्हणजे तीनशे-साडेतीनशे मिलीअँप. सोमवारीच बसते तेव्हा बॅटरी मुळात अर्धवट भरलेली असणार. आता नॉर्मल काय असतं? बहुतेक गाड्या झोपल्यावर २० ते ५० मिलीअँप घेतात, घड्याळ, सेंट्रल लॉक, इमोबिलायझर (चुकीच्या चावीने इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा), कॉम्प्युटरच्या मेमरीला तेवढं लागतंच. ५० मिलीअँपने तीच बॅटरी तीन आठवड्यांहून जास्त टिकते. म्हणजे तुमच्या गाडीत नेहमीपेक्षा सहा-सात पट जास्त जातंय.

आणि ह्या आकड्यावरून काय शोधायचं तेही कळतं. एका रात्रीत बॅटरी बसत असती तर तीन अँपिअरच्या आसपास काहीतरी असतं, चिकटलेला रिले (विजेवर चालणारा स्विच), चालू राहिलेला फॅन, अल्टरनेटरचा डायोड. पंधरा दिवस लागत असते तर ऐंशी मिलीअँप, म्हणजे गाडी कुठे आहे ते कळवणारा ट्रॅकर नाहीतर एखादं छोटं मॉड्युल, म्हणजे गाडीतला एखादा छोटा कंट्रोल कॉम्प्युटर. तुमचं तीनशे-साडेतीनशे हे बरोबर मधलं आहे, पाच वॅटचा एक छोटा दिवा चारशे मिलीअँप घेतो, म्हणजे न विझणारा दिवा, अर्धवट जागा राहिलेला म्युझिक सिस्टिम किंवा ॲम्प्लिफायर, किंवा झोपायला न जाणारं एखादं मॉड्युल. हे माझं अनुमान आहे, मोजल्याशिवाय पक्कं नाही, पण मी सुरुवात इथून करीन.

म्हणून आधी फुकटातलं बघून घ्या. मोबाइलवर व्हिडिओ रेकॉर्डिंग लावून फोन डिकीत ठेवा, डिकी बंद करा, दोन मिनिटांनी काढा आणि बघा दिवा विझतो का. ग्लोव्ह बॉक्समध्येही तेच, सनशेडच्या आरशाच्या दिव्यालाही विसरू नका. चार्जिंग सॉकेटमध्ये लावलेला यूएसबी चार्जर, डॅशकॅम, स्टिअरिंगखालच्या डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये लावून ठेवलेला डोंगल, सगळं काढा, काही गाड्यांत ते सॉकेट चावी काढल्यावरही चालू असतात. मागे अंधारात जाऊन ब्रेकलाइट लागलेला राहत नाही ना ते बघा, पेडलजवळचा स्विच सरकला की तो राहतो, अर्थात तो तीन-चार अँपिअर खाईल आणि रात्रीतच बॅटरी जाईल, पण बघायला काही लागत नाही. बिनचावीची गाडी असेल तर चावी गाडीपासून लांब ठेवा, दाराजवळच्या खुंटीवर आणि गाडी दाराशीच उभी असं असेल तर काही गाड्या रात्रभर चावीशी बोलत राहतात आणि झोपतच नाहीत.

आणि कंपनीतून बाहेर पडल्यावर गाडीत काय काय बसवलंय ते आठवून कागदावर लिहा. तुम्ही लिहिलंय की मागच्या वर्षी टचस्क्रीनवाला म्युझिक सिस्टिम बसवला. त्रास कधी सुरू झाला ते तुम्ही नक्की दिलं नाही, पण ही तारीख आणि ती तारीख जुळते का बघा. अशा सिस्टिमला साधारणपणे एक पिवळी वायर असते कायमच्या करंटची, ती फक्त मेमरीसाठी, आणि एक लाल, चावी फिरवल्यावर येणाऱ्या करंटची, जी सिस्टिमला चालू-बंद सांगते. घाईत बसवणारे कधीकधी दोन्ही वायरी एकत्र पिळून कायमच्या करंटला जोडतात, कारण मग चावी न लावता गाणी ऐकता येतात आणि गिऱ्हाईक खूश होतं. स्क्रीन काळी दिसते, लोकांना वाटतं बंद आहे, आतला बोर्ड मात्र जागाच. ॲम्प्लिफायर असेल तर त्याची निळी वायरही तशीच, ती कायम चालू राहिली की ॲम्प कायम चालू. रात्री गाडी लावून सकाळी ॲम्पला हात लावून बघा, कोमट लागला तर उत्तर मिळालं. हाताने बघण्याची ही युक्ती साधी आहे पण मला तिने अनेकदा वाचवलंय, पहाटे थंड पडलेल्या गाडीत जे काही कोमट लागतं, रिले असो, सिस्टिम असो की अल्टरनेटर, तिथे करंट वाहतोय.

ह्यात सापडलं नाही तर मीटर. इथे लोक सगळ्यात जास्त चुका करतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात लावा, मिलीअँपच्या नाही, तिथला फ्यूज लगेच उडतो. बोनेट उघडा, आणि बोनेटचं आणि ज्या दारातून फ्यूज बॉक्सपर्यंत जायचंय त्या दाराचं कुलूप स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बंद स्थितीत आणा म्हणजे गाडीला वाटेल सगळं बंद आहे. ते नंतर हँडल ओढून परत मोकळं करायला विसरू नका, तसंच दार आपटलं तर लॅच वाकतो. चावी काढा, गाडी लॉक करा, चावी लांब नेऊन ठेवा. मग मीटरची एक क्लिप निगेटिव्हच्या खांबाला आणि दुसरी निगेटिव्हच्या वायरच्या क्लॅम्पला आधी लावा, आणि मगच क्लॅम्प सैल करून हळूच उचला, म्हणजे गाडीचा सप्लाय क्षणभरही तुटत नाही, सगळा करंट मीटरमधून जायला लागतो. असं न करता टर्मिनल काढून मग मीटर लावला तर सगळी मॉड्युलं नव्याने जागी होतात, आणि कधीकधी जे मॉड्युल अडकून जागं राहत होतं तेच नेमकं रिसेट होऊन शहाण्यासारखं वागायला लागतं आणि तुम्हाला काहीच सापडत नाही. मीटर लावलेला असताना चावी फिरवू नका, सेल्फ तर अजिबात नाही, दोनशे अँपिअर जायला लागले तर मीटर जळेल. मिलीअँप दाखवू शकणारा डीसी क्लॅम्प मीटर मिळाला तर ही सगळी कसरतच नको, नुसता वायरीभोवती लावायचा.

आता थांबा. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे. लॉक केल्या केल्या मीटर अर्धा अँपिअर, एक अँपिअर, कधी त्याहूनही जास्त दाखवेल, आणि लोक इथेच घाबरून फ्यूज उपसायला लागतात. गाडीतली मॉड्युलं एकेक करून झोपतात, काही गाड्यांना पाच मिनिटं लागतात, काहींना चाळीस, काहींना तासभर. आकडा पायऱ्या पायऱ्यांनी खाली येताना दिसतो. तासाभरानंतर जो आकडा स्थिर राहील तोच खरा. ५० च्या आत आला तर त्या वेळेला तरी गाडी ठीक आहे, तीनशेला अडकला तर चोर हजर आहे.

तीनशेला अडकला असं धरू. आता फ्यूज एकेक काढून आकडा कधी पडतो बघायचं ही जुनी पद्धत, जुन्या साध्या गाड्यांत ती अजूनही उत्तम चालते. पण नव्या गाडीत फ्यूज काढून परत लावला की ते मॉड्युल जागं होतं, आकडा वर जातो, परत वीस मिनिटं थांबा, आणि तुमचा गोंधळ उडतो. म्हणून मी फ्यूज न काढता त्याच्यावरचा मिलिव्होल्ट मोजतो. प्रत्येक फ्यूजच्या पाठीवर दोन छोटे उघडे धातूचे ठिपके असतात, मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून दोन टोकं त्या दोन ठिपक्यांना लावायची. करंट जात नसेल तर सरळ शून्य, जात असेल तर थोडं काहीतरी दिसेल, कारण फ्यूजलाही थोडासा रेझिस्टन्स असतो. १० अँपिअरच्या छोट्या फ्यूजवर १ मिलिव्होल्ट म्हणजे ढोबळमानाने १३० मिलीअँप, म्हणजे तुम्हाला दोन-अडीच मिलिव्होल्ट दाखवणारा फ्यूज शोधायचाय. मोठ्या अँपिअरच्या फ्यूजवर तेवढ्याच करंटला आकडा आणखी लहान येतो, म्हणून ०.१ पर्यंत दाखवणारा मीटर लागेल. दोन्ही फ्यूज बॉक्स बघा, डॅशबोर्डखालचा आणि बोनेटमधला. बोनेटमधल्याने सुरुवात करा, तिथे मोठे फ्यूज असतात, कुठली मुख्य शाखा करंट घेतेय ते कळलं की आत तेवढंच शोधायचं राहतं.

फ्यूज सापडला म्हणजे दोषी वस्तू सापडली असं नाही. झाकणावरचा नकाशा बघा, एका फ्यूजवर चार-पाच गोष्टी असतात, उदाहरणार्थ आतले दिवे, म्युझिक सिस्टिम, डायग्नोस्टिक सॉकेट आणि सेंट्रल लॉक एकाच फ्यूजवर असणं अगदी नेहमीचं. मग त्यातल्या एकेकाचा कनेक्टर काढायचा आणि मीटर बघत राहायचं. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत आतल्या दिव्याच्या फ्यूजवर करंट होता, दिवे सगळे विझलेले, तीन जणांनी बघून सोडून दिलेली. शेवटी ड्रायव्हरच्या दाराच्या लॅचमधला छोटा स्विच खराब निघाला, दिवे ठरावीक वेळाने आपोआप विझत होते पण गाडीला वाटत होतं दार अजून उघडंच आहे, म्हणून मुख्य मॉड्युल रात्रभर जागं. डॅशबोर्डवर दार उघडं असल्याची खूण क्वचित लुकलुकते का, हे मालकाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, हो, पावसात लुकलुकते. तुमच्याकडे असं काही होतं का ते आठवून बघा, असल्या बारीक गोष्टी मीटरपेक्षा लवकर वाट दाखवतात.

सगळे फ्यूज शून्य आणि तरी मीटर तीनशे दाखवतोय, असं झालं तर करंट फ्यूज बॉक्सला न विचारता जातोय, आणि अशा दोनच मोठ्या वाटा आहेत, स्टार्टरची जाड वायर आणि अल्टरनेटरची. शिवाय कोणी बाहेरून बसवलेली वस्तू थेट बॅटरीवरून घेतली असेल तर तीही, म्हणून पॉझिटिव्ह टर्मिनलवर नंतर कोणी बारीक वायर चिकटवलीय का ते आधी बघा. अल्टरनेटरच्या आत डायोड असतात, ते करंट फक्त बाहेर येऊ देतात, आत जाऊ देत नाहीत. ते खराब झाले की बॅटरीचा करंट उलटा आत शिरून कॉइलमधून वाहत राहतो. आणि असा अल्टरनेटर गाडी चालू असताना १४ व्होल्ट बिनतक्रार देऊ शकतो, म्हणूनच मघाशी म्हटलं की चार्जिंग ओके म्हणजे निर्दोष असं नाही. तपासायच्या दोन सोप्या रीती: गाडी रात्रभर उभी असताना सकाळी अल्टरनेटर कोमट आहे का हात लावून बघा, आणि चावी बंद असताना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पुलीच्या नटाजवळ न्या, जोरात ओढलं गेलं तर आतली कॉइल चालू आहे. गाडी चालू ठेवून बॅटरीवर एसी व्होल्टेजही मोजता येतो, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर डायोडवर संशय घ्या, पण काही स्वस्त मीटर एसीवर ठेवल्यावर डीसीचाच दुप्पट आकडा दाखवतात, त्यामुळे इंजिन बंद असताना आधी एकदा मोजून मीटर शून्य दाखवतो का ते बघून घ्या. पक्कं करायचं तर बॅटरीचं निगेटिव्ह काढा, अल्टरनेटरच्या मागची जाड वायर सोडवा, तिचं टोक इन्सुलेशन टेपने नीट गुंडाळा, आणि मग परत करंट मोजा. आकडा पडला तर अल्टरनेटर. ही वायर निगेटिव्ह न काढता कधीच सोडवू नका, ती थेट बॅटरीला जोडलेली असते आणि पाना बॉडीला लागला तर वितळेपर्यंत ठिणग्या उडतात.

सगळ्यात वैतागवाणी केस म्हणजे मीटर लावला की सगळं ठीक, आणि न लावता सोडली की तीन दिवसांत गाडी बसलेली. तुमच्याकडे असं झालं तर निराश होऊ नका, ह्याचा अर्थ दोष अधूनमधून जागा होतो. ट्रॅकर हे ह्यातलं नेहमीचं उदाहरण, उघड्यावर उभी असेल तर थोडा करंट घेतो, तळघरात नेटवर्क नसलं की सारखा शोधत बसतो आणि जास्त घेतो, त्यामुळे गाडी घरी ठीक आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये बसते असं दिसतं. ओल गेलेला कनेक्टर, झिजलेला चावीचा स्विच हेही असेच. अशा वेळी मी मीटर मोठ्या वायरीने काचेतून दिसेल असा ठेवून तीन-चार तास थोड्या थोड्या वेळाने आकडा लिहून घेतो, किंवा मीटरसमोर फोनचा कॅमेरा लावून ठेवतो. संशय ज्याच्यावर आहे ती वस्तू पूर्ण काढून चार दिवस गाडी उभी ठेवणं हाही सरळ उपाय आहे, वेळ लागतो पण खोटं बोलत नाही. तुमच्या बाबतीत मीटर हातात नसेल तर मी आधी म्युझिक सिस्टिमचाच फ्यूज काढून एक शुक्रवार ते मंगळवार बघीन.

मोठ्या बॅटरीबद्दल विचारलंय. ४५ च्या जागी ६० टाकली तर तीनशे मिलीअँपला तुम्हाला एक-दीड दिवस जास्त मिळेल, बाकी काही नाही. ती जागेवर नीट बसणं, टर्मिनलची बाजू जुळणं हे वेगळंच. आणि रोज रात्री टर्मिनल काढणं किंवा कट-ऑफ स्विच बसवणं तात्पुरतं ठीक आहे, गाडी महिनोन्महिने उभीच राहणार असेल तर चांगलंच आहे, पण रोजच्या गाडीत त्याने घड्याळ, काचांची ऑटो सेटिंग, इंजिनची शिकलेली आयडल (रेस न देता चालायचा वेग) सगळं पुसतं, काही सिस्टिम कोड मागतात, आणि मूळ वायरिंगमधला दोष, जो उद्या तापून काही जाळूही शकतो, तसाच राहतो.

एक गोष्ट मात्र मनाची तयारी म्हणून सांगतो. ही सहा महिन्यांची बॅटरी आत्तापर्यंत पाच-सहा वेळा पूर्ण बसलीय असं तुम्ही लिहिलंय. गाडीची बॅटरी क्षणभर मोठा करंट द्यायला बनवलेली असते, तळापर्यंत रिकामी व्हायला नाही, प्रत्येक वेळी तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि क्षमता थोडी कायमची जाते, त्यातून रिकाम्या अवस्थेत जितके दिवस पडून राहिली तितकं जास्त. म्हणून दोष सापडून दुरुस्त झाल्यावर ती पूर्ण चार्ज करून लोड टेस्ट करून घ्या. सेल्फ मारताना व्होल्टेज १० च्या आसपास राहिला तर अजून चालेल, ९.५ च्या खाली सरळ घसरला तर बॅटरीही बदलावी लागेल, पण तेव्हा ती बदलण्यात अर्थ असेल.

सुरक्षेचं दोन ओळीत: काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी, हातातली अंगठी-कडं काढून ठेवा, चार्जिंग चालू असताना जवळ आग-ठिणगी नको कारण हायड्रोजन निघतो. निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर बसवलेला असेल तर चार्जरची काळी क्लिप त्याच्यावर न लावता इंजिन किंवा बॉडीच्या लोखंडाला लावा. आणि हे वाचणाऱ्या कोणाची गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून करंट कुठे जातोय ते शोधायची रीत साधारण हीच आहे, पण केशरी वायरींना हात लावायचा नाही.

एवढं करून झालं की मला चार गोष्टी लिहा: चार्ज करून ठेवलेल्या बॅटरीचा टर्मिनल काढून दोन दिवसांनंतरचा व्होल्टेज, लॉक केल्यावर तासाभराने मीटरवर स्थिर झालेला मिलीअँप, कुठल्या फ्यूजवर मिलिव्होल्ट दिसला त्याचा नंबर आणि झाकणावर त्याच्यासमोर काय लिहिलंय, आणि म्युझिक सिस्टिम बसवल्याचा महिना. आकडे नीट आले तर पुढचा कनेक्टर कुठला काढायचा ते मी इथूनच सांगू शकेन.